दिराशी पाट आणि पेन्शनची गाठ

पत्र थोडक्यात: लिहिणाऱ्या ताईंचं वय 28. धुळे जिल्ह्यातलं गाव, घरी सहा एकर कोरडवाहू कपाशी. पती लष्करात शिपाई होते. तीन वर्षांपूर्वी ड्यूटीवर असताना गाडी दरीत कोसळली, त्यात ते गेले. पाच वर्षांची मुलगी आहे. पेन्शन ताईंच्या नावावर येते, पण एटीएम कार्ड सासऱ्यांच्या खिशात असतं. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरून झाली आणि सासऱ्यांनी भाऊबंदांदेखत विषय काढला: दिवाळीनंतर धाकट्या दिराशी पाट लावायचा. दीर ताईंहून तीन वर्षांनी लहान. "घरना पैसा घरमाच बरा." जोडीला मोबाइलवरची बातमी दाखवली की दिराशी लग्न केलेल्या फौजीच्या विधवेला हायकोर्टाने पेन्शन दिली. "बाहेर लग्न करशील तर पेन्शन बंद, आणि पोर आमच्याकडेच राहील." दरम्यान माहेरच्यांनी चाळीसगावकडचं एक स्थळ आणलंय: शाळेत शिक्षक, विधुर, एक मुलगा. ताई विचारतात, "मुलीची पेन्शन वाचवण्यासाठी दिराशी लग्न करू का? बाहेर केलं तर त्यांच्या जिवाच्या पैशावर दुसऱ्याचा संसार उभा केला असं होईल का? गाव मला पंधरा ऑगस्टला पहिल्या रांगेत बसवतं आणि हळदीकुंकवाला बोलवत नाही. लग्न केलं तर ती पहिली रांगही जाईल."

ताई,

आधी त्या बातमीचं बघू, कारण घरातला सगळा जोर तिच्यावर आहे. सासऱ्यांनी वाचली ती बातमी बहुतेक पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाच्या निकालाची असावी. त्यातल्या बाईंचे पती हवाई दलात होते. सत्तरच्या दशकात ते वारले, पण त्यांच्या मृत्यूचा नोकरीशी संबंध लावलेला नव्हता, म्हणून बाईंना साधी कुटुंब पेन्शन मिळत होती. पुढे त्यांनी धाकट्या दिराशी लग्न केलं आणि ती पेन्शन बंद झाली. सरकारचं म्हणणं असं, की दिराशी लग्न करूनही पेन्शन चालू राहण्याची सवलत नोकरीमुळे मृत्यू आलेल्यांच्या विधवांनाच आहे. कोर्टाने विचारलं, नवरा दोघींचाही गेला, दोघीही दिराशीच लग्न करतात, मग एकीला पेन्शन आणि दुसरीला नाही, हा भेद कशाच्या आधारावर? आणि पेन्शन बाईंच्या बाजूने दिली.

निकाल एवढाच आहे. दिराशी लग्न केलेल्या बाईचं तोंडचं काढून घेऊ नका, असं कोर्ट सरकारला सांगत होतं. बाहेर लग्न करणाऱ्या बाईचं काढून घ्या असं त्यात नाही, आणि विधवेने दिराशीच लग्न करावं असं तर मुळीच नाही. शिवाय ते प्रकरण साध्या पेन्शनचं. तुमच्या पतीचा मृत्यू ड्यूटीवरच्या अपघातात झाला, म्हणजे तुमची पेन्शन वेगळ्या जातीची असणार. पेन्शनचा तो कागद बघायचाच आहे, त्याकडे येते.

पण तुमचे सासरे खोटं बोलत नाहीत, त्यांनी ऐकलेलं फक्त जुनं आहे. एके काळी नियमच तसा होता: फौजीच्या विधवेने नवऱ्याच्या सख्ख्या भावाशी लग्न केलं तरच तिची वाढीव पेन्शन चालू राहायची. शौर्यपदकाबरोबर येणाऱ्या मासिक भत्त्याला तर ही अट 2017 पर्यंत चिकटून होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये संरक्षण मंत्रालयाने ती काढून टाकली. म्हणजे तुमच्या ओसरीवर बसून भाऊबंद जे बोलत होते, तेच दिल्लीतल्या फायलीतही वर्षानुवर्षं लिहिलेलं होतं: बाई घराबाहेर गेली तर पैसाही बाहेर जातो. मला यात सासऱ्यांपेक्षा त्या फायलीचा राग जास्त येतो.

आता आजचा नियम. तुमच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, पेन्शनचा प्रकार लिहिलेला असतो. साधी कुटुंब पेन्शन म्हणजे शेवटच्या पगाराच्या 30 टक्के. नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर पहिली दहा वर्षं ती 50 टक्के दराने मिळते. नोकरीमुळे मृत्यू आला असं मान्य झालं असेल तर स्पेशल फॅमिली पेन्शन, 60 टक्के. लढाईत किंवा अतिरेक्यांशी चकमकीत गेलेल्यांच्या घरी लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन येते, ती पूर्ण शेवटच्या पगाराइतकी. ड्यूटीवरच्या अपघाताला सर्वसाधारणपणे मधला प्रकार लागतो. 1 जानेवारी 1996 पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे स्पेशल फॅमिली पेन्शन घेणाऱ्या विधवेने पुन्हा लग्न केलं आणि पहिल्या नवऱ्याच्या मुलांना ती सांभाळत राहिली, तर पूर्ण पेन्शन तिलाच चालू राहते. लग्न दिराशी, मास्तरांशी की आणखी कुणाशी, हे नियम विचारत नाही. मूल सांभाळतेस का, हे विचारतो.

आणि मूल सोडून गेलात तर? मग तुमची पेन्शन साध्या दरावर येते आणि मुलीचा वाटा वेगळा काढला जातो. "बाहेर लग्न करशील तर पोर आमच्याकडे" या वाक्याचा पैशातला अर्थ हा आहे, ताई. मुलगी त्यांच्याकडे राहिली तर पेन्शन फुटेल. ती तुमच्याकडे राहिली तर तुटणार नाही. सासऱ्यांनी हे मनात मोजून म्हटलं असेल असं मला वाटत नाही. नातीवरचं प्रेमही त्यात असणार, गेलेल्या मुलाची तेवढीच खूण उरलीय. पण तुम्हाला हे ठाऊक असायला हवं.

मुलीच्या ताब्याचं त्यांनी जे सांगितलं, त्यालाही कायद्याचा आधार नाही. वडील गेल्यावर आईच मुलाची नैसर्गिक पालक असते, हे 1956 च्या हिंदू अल्पवयीनता व पालकत्व कायद्यात आहे, आणि आईने दुसरं लग्न केलं एवढ्यावरून तिचं पालकत्व संपत नाही. प्रकरण कोर्टात गेलंच तर कोर्ट मुलीचं हित बघतं. आजी-आजोबांना भेटत राहणं, सुट्टीत गावी जाणं, हे त्या हिताचाच भाग आहे, आणि ते तुम्ही आपणहून द्यावं असं मला वाटतं.

इतर भगिनींसाठी इथेच सांगते, कारण अशी पत्रं चाळीसगाव, पारोळा, शिरपूर, नंदुरबारकडूनही येतात. ज्यांची पेन्शन साधी आहे त्यांचं गणित वेगळं. मूल असलेल्या बाईने पुन्हा लग्न केलं तर साधी पेन्शन तिच्याकडून मुलाकडे जाते, आणि मूल 25 वर्षांचं होईपर्यंत किंवा त्याआधी त्याचं लग्न होईपर्यंत किंवा ते कमवायला लागेपर्यंत चालते. मूलबाळ नसलेल्या विधवेची साधी पेन्शन लग्नानंतरही चालू राहू शकते, पण तिचं स्वतःचं उत्पन्न किमान पेन्शनच्या मर्यादेपेक्षा कमी हवं. दिराशी लग्न करणाऱ्यांना त्या पंजाबच्या निकालाचा आधार घेता येईल. तेव्हा "पेन्शन जाते का?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पीपीओवरचा प्रकार बघितल्याशिवाय कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याचा चहा प्या आणि उठा.

आता तुमची खरी बोच. "त्यांच्या जिवाचा पैसा."

ही पेन्शन कोणाची, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मिटलेला आहे. 1980 च्या जोधसिंग प्रकरणात प्रश्न हवाई दलातल्या अधिकाऱ्याच्या विधवेचा होता. कोर्टाने म्हटलं की स्पेशल फॅमिली पेन्शन विधवेला ती विधवा आहे म्हणून मिळते, ती मृताच्या इस्टेटीचा भाग नाही. 1991 मध्ये व्हायोलेट आयझॅक प्रकरणात तेच रेल्वे कर्मचाऱ्याच्या कुटुंब पेन्शनबद्दल पक्कं झालं: मृत्युपत्राने ती दुसऱ्या कुणाला देता येत नाही. म्हणजे तुमच्या पतीने स्वतः लिहून ठेवलं असतं की माझी पेन्शन माझ्या वडिलांना द्या, तरी तुम्ही असताना ती त्यांना गेली नसती. ज्याच्या जिवाचा पैसा म्हणता, त्यालाही तो वाटायचा अधिकार नव्हता. मग ओसरीवरच्या बैठकीला कुठून आला?

आणि साधं बघा. ते असते तर पगार कशाला लागला असता? तुमच्या आणि मुलीच्या पोटाला, तिच्या शाळेला, घराला. सरकार तोच पगार वेगळ्या नावाने पाठवतंय. तुम्ही मास्तरांशी लग्न केलंत आणि त्या पैशातून मुलीची फी भरलीत, तर त्यात कुणाचा संसार उभा राहिला? मात्र त्याच पैशातून मास्तरांच्या घराचा हप्ता जाऊ लागला, तर तुम्हाला आज जी टोचणी लागलीय ती खरी ठरेल. तेव्हा टोचणी पूर्ण फेकून देऊ नका, तिला जागेवर ठेवा. मुलीच्या नावाचं वेगळं खातं काढा. त्यात दर महिन्याला ठरावीक रक्कम टाका. याचा दुसरा उपयोगही आहे. "मूल मीच सांभाळते" हे दाखवायची वेळ आली तर पासबुक बोलतं.

सासू-सासऱ्यांचं काय? इथे कायदा आणि माणुसकी यांची सरमिसळ होते म्हणून जरा सावकाश सांगते. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे, म्हणजे आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्याच खंडपीठापुढे, एक प्रकरण आलं. एसटीत नोकरीला असलेला मुलगा वारला, आई-वडिलांनी सुनेकडे पोटगी मागितली. कोर्टाने सांगितलं, पोटगीच्या कायद्यात सासू-सासऱ्यांना पोसायची जबाबदारी सुनेवर टाकलेली नाही. त्या अर्थाने तुम्ही मोकळ्या आहात. पण जवानांच्या स्पेशल फॅमिली पेन्शनमध्ये एक तरतूद आहे, ती लपवून मी तुमची फसवणूक करणार नाही: मृत जवानावर खरोखर अवलंबून असलेल्या आई-वडिलांना विधवा काहीच देत नसेल, तर पेन्शनची विभागणी करून मागता येते. ती विभागणी लष्करी अधिकारी कागद बघून करतात. घरच्या घरी कार्ड खिशात घालून होत नाही.

आणखी एक गंमत, गंमतच म्हणते. पतीच्या स्वतःच्या कमाईचे बँकेतले पैसे, ठेवी, त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याने तिघींत समान वाटले जातात: तुम्ही, मुलगी आणि सासूबाई. सासरे पहिल्या वर्गाच्या वारसांत बसतच नाहीत. तुमच्या सगळ्या पत्रात सासूबाईंचं एकही वाक्य नाही. ज्यांचा हक्क आहे त्या चुलीपाशी गप्प आहेत, आणि ज्यांचा नाही ते ओसरीवर बोलतायत. त्यांच्या वाट्याचे पैसे द्यायचे राहिले असतील तर त्यांच्याच खात्यावर द्या, चेकने. शेताचंही विचारून ठेवा, सातबाऱ्यावर पतीच्या मागे तुमचं आणि मुलीचं नाव लागलंय का. लागलेलं नाव दुसऱ्या लग्नाने पुसलं जात नाही.

सरकारी मदतीचे पैसे आणि पेन्शन यांतही लोक गोंधळ करतात. काश्मीरमध्ये हंदवाड्याला मे 2020 मध्ये धारातीर्थी पडलेले मेजर अनुज सूद यांच्या पत्नीला राज्याच्या मदतीसाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं होतं. 2024 मध्ये राज्य सरकारने खास बाब म्हणून 1 कोटी रुपये देण्याचं मान्य केलं, त्यातले 60 लाख पत्नीला आणि 40 लाख वडिलांना. त्यावरून गावोगाव बोललं गेलं की "आता आई-बापाचाही वाटा निघतो." अशा एकरकमी मदतीत निघतो, आणि निघावाच, असं माझं मत आहे. मासिक पेन्शनचा नियम मात्र वेगळा, तो वर सांगितलाय.

सासऱ्यांच्या जागी क्षणभर बसून बघते. मुलगा गेला. कपाशीच्या भावाचा भरवसा नाही, पावसाचा त्याहून नाही. घरात पहिल्या तारखेला येणारा तेवढाच पैसा. तो सुनेबरोबर चाळीसगावला जाईल म्हटल्यावर कुणाच्याही पायाखालची जमीन सरकेल. आणि दुसरी गोष्ट, जी पत्रात तुम्ही ओझरती लिहिलीत: दिराला दोन वर्षांपासून स्थळं बघतायत, शेतकरी मुलगा म्हणून कुणी मुलगी देत नाही. म्हणजे घरात दोन वेगळ्या अडचणी आहेत, म्हातारपणाचा पैसा आणि धाकट्याचं लग्न. दोन्ही एकाच गाठीत बांधून ती गाठ तुमच्या पदराला मारली जातेय. तुम्ही विचारताय, "पाट लावू की नको?" मी म्हणते, आधी गाठ सोडवा. पेन्शन बाजूला काढा. पीपीओवर स्पेशल प्रकार निघाला आणि मुलगी तुमच्याकडे राहिली, तर ती दिराशी लग्न केलं तरी राहते, बाहेर केलं तरी राहते, लग्न केलंच नाही तरी राहते. आता उरतं काय ते बघा.

उरतो एक 25 वर्षांचा मुलगा, ज्याने तुम्हाला आठ वर्षं वहिनी म्हटलंय. दिराशी लग्न वाईटच, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे पाट लावून सुखाने नांदलेली जोडपी मी पाहिली आहेत. मुलगी त्याला काका म्हणते, घर बदलत नाही, आजी-आजोबा तिथेच. तुमच्या मनात त्याच्याविषयी काही असेल, किंवा पुढे होईल असं वाटत असेल, तर खुशाल करा आणि कुणाच्या टोमण्याला भिऊ नका. पण चार पानी पत्रात तुम्ही त्याच्याबद्दल काय लिहिलंय? वय, शेतात राबतो, आणि स्थळं मिळत नाहीत. त्याला हे लग्न हवंय का, याची एक ओळ नाही. मला वाटतं त्यालाही कुणी विचारलेलं नाही. भावाची बायको म्हणून ज्या बाईच्या पाया पडला, तिच्याशी लग्न करायचं ओझं त्याच्याही छातीवर असेल. एकदा, कुणी आसपास नसताना, शेतावर किंवा शाळेच्या वाटेवर, सरळ विचारा.

उरतात मास्तर. माहेरच्यांनी आणलं म्हणून ते स्थळ आपोआप चांगलं होत नाही. माहेरचंही एक गणित असतं, लेक पुन्हा उजवली की भाऊ-भावजयीची चिंता मिटते. तुम्ही तीन गोष्टी बघा. पहिल्या भेटीत त्यांनी पेन्शनचा आकडा विचारला का? मुलगी सोबत येणार हे त्यांनी गृहीत धरलंय, की "बघू पुढे" म्हणाले? आणि त्यांचा मुलगा तुमच्याकडे कसा बघतो, तुम्ही दोन-चार वेळा त्याला भेटलात का? "बघू पुढे" असेल तर थांबा. मूल सोबत नसेल तर वर सांगितलेलं पेन्शनचं गणितही फिरतं, पण मी त्यासाठी म्हणत नाही.

आणि लग्नच न करण्याचा पर्याय पत्रात कुठेच नाही, जणू दिवाळीनंतर कुणाच्या तरी नावाचं कुंकू लावायलाच हवं. तुम्ही 28 वर्षांच्या आहात, बारावी झालेल्या, हातात महिन्याची पेन्शन आहे. धुळ्यात खोली घेऊन दोन वर्षं शिकलात, मुलीला शाळेत घातलंत, मग ठरवलंत, तर आभाळ कोसळणार नाही. गाव बोलेल. गाव आत्ताही बोलतंच. पंधरा ऑगस्टची पहिली रांग आणि हळदीकुंकवाचं न आलेलं बोलावणं, या दोन्ही गोष्टी एकाच गावाने केल्यात ना? ज्या मानासाठी रोजच्या हळदीकुंकवातून उठावं लागतं, तो मान गेला तर नेमकं काय गेलं, याचा शांतपणे विचार करा. मी तर म्हणते, त्या खुर्चीवर तुमच्या सासूबाईंना बसवायला सांगा. मुलगा त्यांनी दिलाय.

आता कामाचं. लग्नाचा निर्णय सहा महिने लांबला तरी बिघडत नाही. एटीएम कार्ड मात्र याच आठवड्यात हातात घ्या. मागून मिळत नसेल तर बँकेत जाऊन जुनं बंद करा, नवं काढा. पेन्शन आता संरक्षण मंत्रालयाच्या स्पर्श या ऑनलाइन व्यवस्थेतून येते, तिथे मोबाइल नंबर कोणाचा जोडलाय ते बघा. ओटीपी सासऱ्यांच्या किंवा दिराच्या मोबाइलवर जात असेल तर पेन्शन नावापुरतीच तुमची. वर्षातून एकदा द्यावी लागणारी हयातीची ओळखही तुम्ही स्वतः द्या.

पीपीओ घरात सापडत नसेल तर स्पर्शच्या खात्यातून काढता येतो. तो, पतीचा मृत्यूचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला घेऊन धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आपण ज्याला सैनिक बोर्ड म्हणतो तेच. तोंडी विचारू नका. अर्ज लिहा: माझी पेन्शन अमुक प्रकारची आहे, मला इतक्या वर्षांची मुलगी आहे, तिला सांभाळून मी पुनर्विवाह केला तर पेन्शनचं काय होईल, हे लेखी कळवावं. तोच अर्ज पतीच्या रेकॉर्ड ऑफिसलाही पाठवा, रजिस्टर पोस्टाने. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं सागरला. तुमच्या पतीची पलटण मी इथे लिहीत नाही, तुम्हाला पत्ता माहीत आहेच. उत्तराची प्रत सासऱ्यांना दाखवता येईल. मोबाइलवरच्या बातमीला शिक्का मारलेला कागदच उत्तर देतो.

वकील लागला तर पैसे मोजायच्या आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, 1987 चा कायदा आहे. शिवाय राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै 2025 मध्ये सैनिकांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे. सैनिक बोर्डातच कायदेशीर मदत मिळावी असा तिचा हेतू आहे, तेव्हा तिची चौकशी करा. पेन्शन चुकीने थांबवली गेलीच, तर दाद सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे मागायची, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. तिथलं म्हणणं पटलं नाही तर उच्च न्यायालयाचं दार उघडं असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये स्पष्ट केलंय. इतक्या लांब जायची वेळ तुमच्यावर येईल असं मला वाटत नाही.

आणि एक कराच, किंवा असं म्हणू की एक मुळीच करू नका. लग्न कुणाशीही करा, लपवू नका. माझ्याकडे वकिलीच्या दिवसांत एक बाई आली होती. घरच्यांनी देवळात पाट लावला, नोंद केली नाही, आणि "पुनर्विवाह केलेला नाही" या कागदावर दरवर्षी तिचा अंगठा घेत राहिले. भाऊबंदकीत कुणीतरी अर्ज केला आणि वसुलीची नोटीस आली, तीही तिच्या एकटीच्या नावाने. तिच्या पेन्शनचा प्रकार बघितला, तर उघडपणे लग्न केलं असतं तरी पेन्शन चालूच राहिली असती. भीतीपोटी जे लपवलं त्यानेच घात केला. तेव्हा लग्न झालं की नोंदणी करा आणि दाखल्याची प्रत रेकॉर्ड ऑफिसला स्वतः पाठवा.

राहिलं आप्पांशी, म्हणजे सासऱ्यांशी, बोलणं. ओसरीवर बैठक भरलेली असताना नको, तिथे माणूस भाऊबंदांसाठी बोलतो. सकाळी ते एकटे असताना, सासूबाईंना शेजारी बसवून बोला. आधी रक्कम ठरवून जा. तुम्हाला झेपेल ती, चार हजार म्हणा, पाच हजार म्हणा, पण पुढे कमी करावी लागणार नाही अशी. सासूबाईंच्या खात्यावर दर महिन्याला आपोआप जाईल अशी सोय बँकेत आधीच करून ठेवा. ती करायला तुमच्यावर कायद्याची सक्ती नाही, म्हणूनच तिला किंमत आहे. आणि मग एवढंच म्हणा: "आप्पा, पैसे बंद व्हनार नहीत, दर महिनाले मायना खातामा येतीन. पोर सुट्टीमा आठेच (इथेच) राही. लगीननं मी इचार करीसन सांगसू."